सोळा घरांचा भूप

रोलँड टीबी-३०३ या बास-सिंथेसायझरला स्वर आणि लय एकदम सांगता येत नाहीत. आधी तेरा पट्ट्यांच्या इवल्याशा कीबोर्डवर स्वर ओळीने दाबायचे. मग सोळा घरं एकेक करून भरायची: इथे नवा स्वर, इथे आधीचाच लांबवलेला, इथे विराम. या यंत्राच्या नव्या प्रतिकृतीवर मी भूप राग भरतो आहे. सा, रे, ग, प, ध. बास.

एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून रोलँडने १९८१मध्ये काढलेलं हे यंत्र १९८४मध्ये बंदही झालं. मधल्या काळात, १९८२मध्ये, मुंबईत चरणजीत सिंग यांनी ते हाती घेतलं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले हे मुरलेले वादक. सोबतीला टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांची तबकडी एचएमव्हीने काढली, ती फारशी खपली नाही. १९८७मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं आणि ३०३च्या चिरक्या आवाजाला ॲसिड हाउस हे नाव मिळालं. २०१०मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार चक्रावले.

ॲसिड हाउसचा पहिला मान कोणाचा, हा वाद चालू राहील. यंत्रावर हात ठेवल्यावर कळतं ते वेगळं. सिनेगीतात कॉर्ड बदलली की बासला जागा सोडावी लागते. ३०३मध्ये असे बदल भरत बसणं जिकिरीचं. रागाला कॉर्ड लागतच नाहीत. षड्ज ढळत नाही. एकच आवर्तन खाली फिरत ठेवायचं आणि वर हाताने विस्तार करायचा.

‘स्लाइड’ लावला की ग वरून प वर घसरता येतं. मींड मात्र ती नव्हे. गायक मींड हवी तेवढी लांबवतो; इथे घसरण्याचा वेळ यंत्राने ठरवलेला. ‘कटऑफ’ची खुंटी फिरवली की तेच पाच स्वर आधी दबके, मग नाकातले, मग धारदार होतात. शिकागोत ही खुंटी फिरवणं हेच वादन ठरलं. सिंग यांनी रागाचा भार ज्युपिटरवरच्या बोटांवर ठेवला.

त्यांना ‘काळाच्या पुढचे’ म्हणतात. मला त्यात जुनं शिक्षण जास्त दिसतं. एकाच जागी फिरणाऱ्या बासमध्ये पूर्ण मैफलीचा आधार ऐकायला तंबोऱ्याला सरावलेला कान लागतो.