दीड हजार वस्तीचं गाव, बिनब्रेकच्या बाईक आणि एका बंडखोराचं नाव : स्वीडनच्या 'डाकर्ना' क्लबची गोष्ट

बाईक 500 सीसीची. गिअर एकच. पेट्रोलऐवजी मिथेनॉल. आणि ब्रेक? नाहीच!

या खेळाला म्हणतात स्पीडवे. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार रायडर चार चकरा मारतात. वळण आलं की मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि हँडल उलट्या बाजूला फिरवून तोल सांभाळायचा. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि शेवटच्याला भोपळा. एका मिनिटाच्या आसपास रेस खल्लास.

स्वीडनमध्ये याची क्लब लीग 1948 साली सुरू झाली. ओवे फुंडिन पाच वेळा आणि टोनी रिकार्डसन सहा वेळा जगज्जेता झाला, दोघंही स्वीडिशच. पण आपला विषय आहे मोलिला. 'आयकिया'चा जन्म झाला त्या स्मोलांड प्रांतातलं हे गाव, वस्ती जेमतेम दीड हजार. इथला क्लब म्हणजे डाकर्ना.

नावामागे जुना इतिहास आहे. राजा गुस्ताव वासाने कर वाढवले, चर्चची चांदी उचलली आणि सीमेपलीकडच्या डॅनिश मुलखाशी चालणारा शेतकऱ्यांचा व्यापार रोखला. 1542 मध्ये स्मोलांडचे शेतकरी पेटले. त्यांचा म्होरक्या निल्स डाके. (आडनाव आपल्याकडचं वाटतं, पण गडी अस्सल स्वीडिश.) 1543 मध्ये त्याला मारलं आणि त्याचं प्रेत काल्मार शहरात लोकांना दहशत बसावी म्हणून टांगलं. डाकर्ना म्हणजे त्याच डाकेची माणसं. राजाने संपवलेलं नाव गावकरी आज स्टेडियममध्ये बोंबलतात.

1950 च्या दशकाच्या शेवटी हा क्लब देशातला दादा होता. मग दुष्काळ पडला, तो थेट 2007 पर्यंत. त्या वर्षी मोलिलाने एस्किल्स्टुनासारख्या औद्योगिक शहरांच्या क्लबना मागे टाकून लीग जिंकली. जागतिक ग्रां प्रीच्या फेऱ्याही या गावात अनेकदा झाल्यात.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावात मोठे रायडर येतात कसे? तर स्पीडवेत एक रायडर एकाच हंगामात दोन-तीन देशांतल्या क्लबकडून खेळू शकतो. रविवारी पोलंड, मंगळवारी स्वीडन. पोलंडमध्ये पैसा जास्त, म्हणून तारखाही बऱ्याचदा पोलंड बघूनच ठरतात. स्वीडिश क्लबचं खरं दुखणं हेच.

बाकी मोलिला आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. 1947 च्या जूनमध्ये इथे 38 अंश तापमान नोंदलं गेलं. स्वीडनसाठी हा उच्चांक आहे, आणि गावकऱ्यांनी त्यासाठी भलामोठा थर्मामीटर उभा केलाय. नागपूरकरांनी हसू नये.