हळद न लावलेलं बोट

संध्याकाळी कसारा लोकलने कल्याण सोडलं की बायकांच्या डब्यात मेथीच्या जुड्या सुटतात. खडवलीपर्यंत माझीही एखादी निवडून होते. एकदा समोरच्या मावशींनी विचारलं, "तू लॅबमध्ये करतेस तरी काय गं?" मी म्हटलं, "ओरखडे काढते. मग ते बुजतात का ते बघते." सगळ्या हसल्या. मावशींच्या बोटाला चिंधी होती, विळीने कापलेलं. चिंधीखाली अर्थातच हळद.

जखम झाली की रक्त गोठतं, सूज येते आणि काठावरच्या पेशी उघड्या जागेकडे सरकू लागतात. पुढचा भाग पसरून टेकवायचा, मागचा ओढून घ्यायचा, अशी त्यांची चाल. मावशींच्या बोटात डोकावून ती दिसणार नाही, म्हणून आम्ही प्लेटमध्येच जखम करतो.

प्लेटच्या खळग्यात पेशी वाढवायच्या. 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. तळ गच्च भरला की पिपेटची पिवळी टिप उभी धरून एकाच दमात रेघ ओढायची. हात थरथरला की काठ वेडावाकडा, जोर जास्त झाला की खालच्या प्लास्टिकलाच चरा. सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या, नाहीतर त्याच मोकळ्या जागेत परत चिकटतात. लगेच एक फोटो, दुसऱ्या दिवशी त्याच जागेचा दुसरा. पहिल्या महिन्यात मी प्लेटखाली मार्करने खूण करायलाच विसरले. दुसऱ्या दिवशी कालची जागा सापडेना. अख्खी प्लेट फुकट! आणि सकाळची गाडी चुकली की 24 तासांचा फोटो 25 तासांचा होतो, ते वेगळंच.

ओरखडा अर्धा मिलिमीटर रुंद धरा, म्हणजे 500 मायक्रॉन. तो 24 तासांत बुजला, तर एकेक काठ ताशी जेमतेम 10 मायक्रॉन सरकला. केसाच्या जाडीएवढं अंतर कापायला सात-आठ तास.

खरी गोम पुढेच आहे. फट भरली म्हणजे पेशी चालल्याच असं नाही. त्या विभागून संख्येने वाढल्या तरी फट भरते. डब्यातली रिकामी जागा आतल्या बायका सरकल्याने भरली की नव्या चढल्याने, हे फलाटावरून कसं कळणार? म्हणून पेशींच्या खुराकातलं सीरम कमी करतात, किंवा मायटोमायसिन-सी हे औषध देऊन विभाजन थांबवतात. दुसरी रीत स्टीफन बॉयडन यांची, 1962 ची. वर पेशी, खाली त्यांना ओढून घेणारं द्रव्य, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. आमच्याकडे 8 मायक्रॉनची छिद्रं असतात. पेशीला अंग चोरूनच जावं लागतं. शेवटी पडद्याच्या वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या काडीने पुसायच्या, खालच्या जांभळ्या रंगवून मोजायच्या. मला हे पुसण्याचं काम मनापासून आवडतं.

पेशी शरीराबाहेर जगवण्याची ही विद्या मुंबईत रुजवली ती पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता हळद. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने जुने लेखी पुरावे पुढे ठेवून 1997 मध्ये ते रद्द करवलं. पण त्यातून ठरलं ते एवढंच, की हे ज्ञान जुनं आहे. पेशी किती सरकतात हा हिशेब निराळा. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, डोस वाढवला तर पेशीच मरतात. शिवाय प्लेटमध्ये ना रक्त, ना जंतू, ना जंतूंशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी. तरीही एक प्लेट हळदीची, एक नुसत्या द्रावकाची, असं शेजारी ठेवल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही.

आठवड्याने मावशी भेटल्या. चिंधी गेली होती, खाली गुलाबी कोवळी कातडी. "बघ, हळदीनेच भरलं ना?"

"मावशी, हळद न लावलेलं दुसरं बोट कुठंय?"

"म्हणजे आता तुझ्यासाठी तेही कापू का?" म्हणत त्यांनी मेथीची जुडी माझ्या मांडीवर टाकली.