खर्च कमी म्हणजे आजार कमी?
लेखमाला : रंग, ज्ञान आणि यंत्र – भाग ५

माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याच्या नावाचे रस्ते अमेरिकेत बऱ्याच शहरांत आहेत. अशाच एका रस्त्यापाशी गूगल मॅप्सच्या आवाजाने गाडीतल्या बाईंना फर्मावलं, ‘माल्कम टेन बुलेव्हार्डवर उजवीकडे वळा.’ एक्सचा त्याने रोमन दहा केला होता. आपल्या पूर्वजांचं खरं आडनाव गुलामीत पुसलं गेलं आणि मालकाचं चिकटलं, ते नाकारायचं म्हणून ज्याने नावापुढे फुली मारली, त्याच्या फुलीचा यंत्राने आकडा करून टाकला! त्या बाईंनी ट्विटरवर लिहिलं, की या कंपनीत एकही कृष्णवर्णीय इंजिनिअर नसणार हे तेव्हाच कळलं. लोक हसले आणि विसरले.

रुहा बेंजामिन यांनी २०१९च्या ‘रेस आफ्टर टेक्नॉलॉजी’ या पुस्तकात हा किस्सा घेतला आहे, पण हसून सोडून दिलेला नाही. समजा, कृष्णवर्णीय इंजिनिअर असता, तर? त्याचं तिथे कुणी ऐकलं असतं का?

बेंजामिन प्रिन्स्टन विद्यापीठात आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास विभागात प्राध्यापक आहेत. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे त्यांचा जन्म आपल्या वाईचा. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई भारतीय आणि इराणी वंशाची. मराठी विश्वकोशाचं कार्यालय ज्या गावात आहे, तिथे जन्मलेल्या या बाईंची नोंद विश्वकोशाने घ्यायला हरकत नाही. पुढचं बालपण लॉस एंजेलिस, साउथ कॅरोलायना, मार्शल बेटं, स्वाझीलँड असं चार दिशांना गेलं. पदवी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजची, म्हणजे कृष्णवर्णीय मुलींसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेची, डॉक्टरेट बर्कलीची. २०१३ साली आलेलं पहिलं पुस्तक स्टेम सेल संशोधनावर होतं. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००४ मध्ये या संशोधनासाठी ३ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. पैसा सगळ्यांचा, मग उपचार कुणाच्या वाट्याला येणार, हे त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. यंत्रांकडे त्या वळल्या त्याही हाच प्रश्न घेऊन.

त्यांच्या मांडणीचा गाभा समजून घ्यायचा तर एका प्रकरणात जरा खोलवर शिरलं पाहिजे. अमेरिकेतली मोठी रुग्णालयं आणि विमा कंपन्या गुंतागुंतीचे आजार असलेल्या काही रुग्णांना जादा मदत देतात. पाठपुरावा करणारी नर्स, लवकरची अपॉइंटमेंट वगैरे. ही मदत कुणाला द्यायची ते सुचवायला एक प्रोग्रॅम असतो. तो प्रत्येक रुग्णाला गुण देतो. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी असा एक प्रोग्रॅम तपासला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष छापले. प्रोग्रॅमला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. तरीही सारखेच गुण मिळालेल्या दोघांत कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णापेक्षा जास्त आजारी निघत होता.

असं का झालं? आजार किती आहे, हे थेट मोजणं सोपं नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याऐवजी उपचारावर किती खर्च होईल, याचा अंदाज यंत्राला करायला सांगितला. वरकरणी यात काहीच वावगं नाही. जास्त आजारी, त्याचा जास्त खर्च. पण विमा तोकडा, दवाखाना लांब, कामावरून रजा मिळत नाही आणि गेलंच तर डॉक्टर तक्रार मनावर घेत नाही, अशा माणसावर त्याच आजारासाठी कमी पैसा खर्च होतो. यंत्राने कमी खर्च पाहिला आणि माणूस ठणठणीत ठरवला. ही चूक सुधारली, तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा संशोधकांचा हिशेब होता.

‘सायन्स’च्या त्याच अंकात बेंजामिन यांचं टिपण आहे. त्यात त्या हेन्रिएटा लॅक्सची आठवण काढतात. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा वॉर्ड होता, लॅक्सवर तिथे कर्करोगाचे उपचार झाले. आज ती आली असती, तर दारावर वंशाची पाटी नसती. तिला बाजूला काढण्याचं काम गुणांनी केलं असतं. खर्च कमी दिसतो तो माणसाची किंमतच कमी धरली गेली म्हणून, असं त्यांचं म्हणणं. काही जण म्हणतात, कृष्णवर्णीयांचा डॉक्टरांवर विश्वास नसतो. बेंजामिन हा चेंडू वैद्यकाच्या अंगणात परत टाकतात : विश्वास ठेवावा असं तुम्ही काय केलंत?

वंशभेदाच्या जुन्या कायद्यांना अमेरिकेत ‘जिम क्रो’ म्हणत. बेंजामिन आजच्या व्यवस्थेला ‘न्यू जिम कोड’ म्हणतात. कायद्याने माणसं वेगळी काढली, तर निदान त्याविरुद्ध कोर्टात जाता यायचं. प्रोग्रॅमवर तटस्थपणाचा शिक्का असतो, शिवाय तो कंपनीचं गुपितही असतो.

आता सुरुवातीच्या त्या कृष्णवर्णीय इंजिनिअरच्या प्रश्नाकडे. अॅपलच्या सिरीवर काम केलेल्या एका माजी कर्मचाऱ्याचा अनुभव पुस्तकात आहे. हा माणूस स्वतः कृष्णवर्णीय नव्हता. चमू इंग्रजीच्या वेगवेगळ्या बोली सिरीला शिकवत होता : ऑस्ट्रेलियन, सिंगापुरी, अगदी आपली भारतीयसुद्धा. त्याने साहेबांना विचारलं, आफ्रिकन-अमेरिकन बोलीचं काय? उत्तराचा अर्थ असा, की आपला माल वरच्या गिऱ्हाइकासाठी आहे. गंमत अशी, की कृष्णवर्णीय रॅपर डॉ. ड्रे यांची ‘बीट्स’ कंपनी अॅपलने ३ अब्ज डॉलर मोजून २०१४ मध्ये, म्हणजे या उत्तराच्या जेमतेम वर्षभर आधी, विकत घेतली होती. प्रश्न विचारणारा माणूस आत होता, तरी उत्तर बाजाराने ठरवलं. नोकरभरतीत चार वेगळे चेहरे घेतले की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. उदाहरणांचा मारा एवढा, की सावळा हात न ओळखणारं साबणाचं यंत्र आणि आरोपीला जामीन द्यायचा की नाही ते सुचवणारा प्रोग्रॅम एकाच दमात येतात. एकाने हात कोरडे राहतात, दुसऱ्याने माणूस तुरुंगात राहतो. हे अंतर त्यांनी अधिक ठळक करायला हवं होतं.

नावांवरचा भाग मात्र मराठी वाचकाला परका वाटणार नाही. अमेरिकेत नाव ऐकून वंश ताडतात, आपल्याकडे आडनाव ऐकून जात. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले : दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत स्पष्टपणे कमी. तेव्हा अर्ज माणसं चाळत होती. आता बऱ्याच ठिकाणी पहिली चाळण सॉफ्टवेअर लावतं. माणसांनी केलेल्या अशा जुन्या निवडी धडा म्हणून त्याच्यापुढे ठेवल्या, तर ते काय शिकेल?

बेंजामिन यांनी प्रिन्स्टनमध्ये प्रयोगशाळा काढली, तिला आयडा बी. वेल्स यांचं नाव दिलं. वेल्स पत्रकार होत्या. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारल्याच्या घटनांची आकडेवारी त्यांनी १८९५ मध्ये ‘द रेड रेकॉर्ड’ या पुस्तिकेत मांडली, आणि ती मुख्यतः गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून गोळा केली, म्हणजे खोटी म्हणायची सोय राहू नये! कृष्णवर्णीयांच्या स्थितीची आकडेवारी मांडणारे समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांचे पॅरिस प्रदर्शनातले तक्ते मागच्या भागात आपण पाहिले. ते त्यानंतर पाचच वर्षांनी आले.

(पुढच्या भागात : चेहरा ओळखणारी यंत्रं आणि डेट्रॉइटमधली एक चुकीची अटक.)