छाप कोणाची?

लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा मारुती संजीवनी आणावयास द्रोणागिरीवर गेला; पण नेमकी मुळी कोणती हे त्याला ओळखता येईना, म्हणून त्याने सगळा डोंगरच उचलून आणला. मारुतीच्या अंगी ते बळ होते. उरणच्या बाजारात मसाला घ्यावयास गेलेल्या गृहिणीला तसे करता येत नाही. मागच्या खेपेस आवडलेली पुडी तिला दहा पुड्यांतून ओळखता आली पाहिजे. ज्या खुणेने ती ओळखते त्या खुणेलाच कायदा व्यापारचिन्ह किंवा ट्रेडमार्क म्हणतो. आपल्या बोलीत तिला 'छाप' हा चांगला शब्द होताच.

अशा चिन्हांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे प्रथम १९४० साली झाला, त्याच्या जागी १९५८ चा आला, आणि आज चालतो तो १९९९ चा कायदा २००३ पासून अमलात आहे. दुकानाचा परवाना काढला, जीएसटीचा क्रमांक मिळाला, म्हणजे नाव आपले झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. परवाना धंदा करण्याची मुभा देतो; नावावरचा हक्क ही निराळी गोष्ट आहे.

मग नाव कोणते घ्यावे? आमच्या द्रोणागिरीत कोणी 'द्रोणागिरी मसाले' असे नाव नोंदवू म्हणेल, तर हरकत निघण्याचा संभव आहे. गावाचे नाव माल कोठला हे सांगते, कोणाचा हे सांगत नाही. आणि गावाचे नाव साऱ्या गावाचे असते. 'उत्तम', 'ताजा' या गुणवाचक शब्दांचेही तसेच. मात्र दीर्घ वापराने गावाचे नावही एकाच उत्पादकाची ओळख बनू शकते. विलेपार्ल्यात १९२९ साली निघालेली पार्ले कंपनी हे त्याचे घरचे उदाहरण.

याच कंपनीचा एक खटला १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. तिच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर पाण्याचे भांडे घेतलेली मुलगी होती, भोवती गाई व कोंबड्या. म्हैसूरच्या एका उत्पादकाच्या वेष्टनावरही मुलगी होती, पण तिच्या डोक्यावर गवताचा भारा. गाई-कोंबड्या तिच्याही भोवती होत्याच. खालच्या दोन्ही न्यायालयांना यात फसवणूक दिसली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र पार्लेच्या बाजूने निकाल दिला. दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजावयाचे नसतात; गिऱ्हाईक आठवणीवर विसंबून माल घेते, आणि आठवण धूसर असते. कायद्याचे मर्म एवढ्यात आले.

नोंदणीची रीत फार अवघड नाही. प्रथम तसेच नाव आधी कोणी नोंदविले आहे काय, हे सरकारी संकेतस्थळावर पाहावे. मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत: सुकी मासळी व लोणची २९ व्या वर्गात, मसाले ३० व्यात. करंजाच्या एखाद्या भगिनीला सोडे आणि मसाला दोन्ही एकाच छापाने विकावयाचे असतील, तर दोन्ही वर्ग मागावे लागतील. ऑनलाइन अर्जास व्यक्तीला वा लघुउद्योगाला वर्गामागे ४,५०० रुपये फी पडते. तपासनिसाने आक्षेप काढला तर महिन्याच्या आत उत्तर द्यावे. पुढे चिन्ह सरकारी जर्नलात छापले जाते, आणि चार महिन्यांत कोणी विरोध केला नाही तर नोंदणी होते. ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते व पुनःपुन्हा वाढविता येते. नोंदणीपूर्वी नावापुढे 'टीएम' लिहावे. वर्तुळातला 'आर' लिहिणे तोवर गुन्हा आहे.

नोंदणी नसली तरी जुना वापरकर्ता अगदीच निराधार नसतो. पण वापर सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर पडते. म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिले व जाहिराती जपून ठेवाव्यात. शिवाय १९८९ पासून न्हावाशेव्याचे बंदर आपल्या उशाशी आहे. नोंदलेल्या चिन्हाची सूचना सीमाशुल्क खात्याला दिली, तर परदेशातून येणारा नकली माल तेथेच अडविता येतो.

तरीही प्रमाणपत्र म्हणजे पत नव्हे. ओळीने पाच वर्षे न वापरलेले चिन्ह नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी बाधित व्यक्तीला करता येते. कायदा छाप राखील. पुडीतला मसाला चांगला राखणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.