दोन इंची नळी, चार टनांची ओढ

अमेरिकेतल्या पिकअपच्या मागच्या बंपरखाली वाकून पाहिलं तर बहुतेक वेळा एक चौकोनी पोकळ नळी दिसते. आतलं माप दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना आरपार भोक, त्यात १६ मिलिमीटर जाडीची पोलादी पिन आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला तारेची क्लिप. या नळीला रिसीव्हर हिच म्हणतात. तिचं मूळ काम ट्रेलर ओढण्याचं. पण दोन इंची चौकोनी दांडा वेल्ड केलेली कुठलीही वस्तू तिच्यात सरकवता येते, हे लक्षात आल्यावर लोकांनी तिच्यात सायकलींचा स्टँड, सामानाची जाळी, चढायची पायरी, असं काय काय बसवलं. आणि विंचही.

विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र. चिखलात रुतलेली गाडी समोरच्या झाडाला दोर बांधून स्वतःच स्वतःला बाहेर ओढते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरंच वाटत नाही. काढता येणारा विंच त्याच्याही पुढचा. सकाळी तो गाडीच्या नाकावर असतो, दुपारी पिन काढून शेपटाकडे लावलेला असतो आणि संध्याकाळी मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली पडलेला असतो. त्याची चौकट धरून वजन ४०-५० किलो, त्यामुळे उचलायला दोघं असलेले बरे. मात्र ओढायला लागला की तो चार टनांचा जोर लावतो आणि ४०० अँपिअरच्या वर करंट पितो. हा जोर आणि हा करंट मिनिटाभरात सुटणाऱ्या सांध्यांतून जातो. एक सांधा पोलादाचा, दुसरा तांब्याचा. विंचवाल्यांचं निम्मं बोलणं मोटरच्या ताकदीबद्दल असतं, पण माझ्या मते खरी करामत या दोन सांध्यांतच आहे.

गाडीवरचे विंच आधी असे सुटे होऊच शकत नव्हते. १९४६ साली डॉज कंपनीने महायुद्धातल्या लष्करी ट्रकांवरून बेतलेली ‘पॉवर वॅगन’ नागरिकांसाठी बाजारात आणली. तिच्या पुढच्या बंपरवर विंच घेता येई, पण तो चाले इंजिनच्या जोरावर. गिअरबॉक्सजवळून निघालेला फिरता शाफ्ट गाडीच्या पोटाखालून पुढे विंचपर्यंत जाई. ताकद भरपूर, पण इंजिन बंद पडलं की विंचही मुका. आणि शाफ्टने जोडलेलं यंत्र रोज काढायचं-घालायचं कोण?

पुढचं पाऊल पडलं सिएटलच्या परिसरात. आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली युद्धातून उरलेल्या जीपगाड्यांसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. साध्या रस्त्यावर पुढची चाकं फोर व्हील ड्राइव्हच्या यंत्रणेपासून मोकळी करणारी ही जोडणी होती. याच वॉर्न कंपनीने १९५९ साली हौशी वाहनांसाठी विजेवर चालणारा विंच काढला. शाफ्ट गेला, त्याच्या जागी दोन केबली आल्या, आणि केबल तर प्लग लावून तोडता-जोडता येते. कंपनीचं सर्वांत गाजलेलं मॉडेल ८२७४. त्याच्या आकड्यातच ओळख आहे: ८,००० पौंडांची ओढ, साल १९७४.

आता पोलादी सांध्याकडे. पिकअपला मागे हिच बहुधा असतेच. पुढची मात्र वेगळी विकत घ्यावी लागते. बंपरच्या आत, चॅसीच्या दोन्ही लांबड्यांना बोल्टने आवळलेला एक आडवा पाइप आणि त्याच्या मध्यभागी ती दोन इंची नळी, अशी तिची रचना. अशा पुढच्या हिचांवर सहसा सरळ ओढीसाठी ९,००० पौंडांची, म्हणजे ४,०८० किलोंची मर्यादा लिहिलेली असते. ही सगळी ओढ शेवटी त्या अंगठ्याएवढ्या पिनवर येते. पिन टिकते कशी? नळीच्या दोन भिंती आणि मधला दांडा अशा रचनेमुळे ती तुटायची तर एकाच वेळी दोन जागी कातरली जावी लागते. दोन्ही छेदांचं क्षेत्रफळ मिळून ३९६ चौरस मिलिमीटर भरतं. म्हणजे पूर्ण ओढीला दर चौरस मिलिमीटरवर दहा किलोंच्या जरा वर भार. साधं पोलादसुद्धा कातर सोसताना चौदा किलोंपर्यंत कायमचं वाकत नाही. हिशेब बसतो, पण फार मोकळीक नाही. म्हणून पिनच्या जागी हाताला लागेल तो बोल्ट घालणं हा शुद्ध आगाऊपणा.

इथे ‘सरळ ओढीसाठी’ हे शब्द महत्त्वाचे. विंचचं तोंड पिनपासून साधारण फूटभर पुढे असतं. दोर ३० अंश बाजूला गेला तर चार टनांपैकी निम्मी, म्हणजे दोन टनांची ओढ आडवी लागते, तीही फूटभर लांबीच्या तरफेवर. नळी अशा पिळासाठी केलेली नसते. बंपरलाच बोल्टने बसवलेल्या विंचचा तळ रुंद असतो, तो हे बरंच सोसून नेतो. त्यामुळे सुटा विंच वापरणाऱ्याने आधी गाडी आणि खुंटा शक्य तितके एका रेषेत आणायचे असतात. कोनात ओढायची वेळ आलीच तर वाटेत एका झाडाला कप्पी बांधून दोर वळवून घ्यायचा.

विंच किती मोठा घ्यावा? सर्वसाधारण नियम सांगतो, भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. फोर्ड एफ-१५० सारखी पिकअप सामानासकट ७,००० पौंडांच्या आसपास जाते, म्हणजे विंच हवा साडेदहा हजार पौंडांचा. आणि पुढची हिच नऊ हजारांची! बाजारात बारा हजारांचे विंच याच नळीत बसणाऱ्या चौकटींसह मिळतात, पण विंचवरचा आकडा वाढला म्हणून नळीची ताकद वाढत नाही. अडलेली गाडी किती विरोध करते याचा अमेरिकन लष्कराचा ठोकताळाही इथे पाहण्यासारखा आहे. चिखल चाकांपर्यंत असेल तर विरोध गाडीच्या वजनाएवढा, मडगार्डांपर्यंत पोचला तर दुप्पट, केबिनपर्यंत गेला तर तिप्पट. तीन टनांची पिकअप मडगार्डांपर्यंत बुडाली की सहा टन लागणार. एवढी ओढ ना विंच देऊ शकत, ना पिनने ती एकटीने सोसावी.

इथे पुन्हा कप्पी. समोरच्या झाडाला कप्पी बांधून दोर तिच्यातून परत गाडीकडे आणला की दोराचे दोन पदर ओढायला लागतात. ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. मात्र परत आलेलं टोक कुठे अडकवायचं यावर सगळं अवलंबून आहे. ते चॅसीच्या टो-हुकात अडकवलं तर निम्मा भार हुकावर जातो आणि पिनला तिच्या वाट्याची एकच ओढ मिळते. तेच टोक सोयीचं म्हणून विंचच्या चौकटीला अडकवलं, तर दोन्ही पदरांचा भार पिनवर येतो आणि कप्पी लावूनही नळीवर दुप्पट ताण पडतो. झाडावर तर दुप्पट ओढ येतेच, त्यामुळे झाड जिवंत आणि जाडजूड निवडायचं, आणि साल सोलू नये म्हणून रुंद पट्टा वापरायचा.

तांब्याचा सांधा याहून फसवा. तो तुटत नाही, फक्त तापतो. आठ-नऊ हजार पौंडांचा विंच मोकळा फिरताना सत्तर-ऐंशी अँपिअर घेतो आणि पूर्ण ओढीला चारशेच्या पुढे जातो. त्यामुळे ट्रेलरच्या दिव्यांसाठी मागे दिलेल्या सात पिनांच्या सॉकेटमधून विंच चालवायचा विचार मनात आणू नये. तिथली बॅटरी चार्ज करणारी तार तीस-चाळीस अँपिअरच्या फ्यूजवर असते. विंचला बॅटरीपासून स्वतंत्र केबल लागते, आणि किती जाड, ते अंतरावर ठरतं.

बॅटरी बॉनेटखाली असते, तेव्हा पुढच्या विंचला मीटर-दोन मीटर केबल पुरते. मागच्या नळीपर्यंत मात्र सहा मीटर जावं लागतं, आणि करंटला परतही यायचं असतं, म्हणजे बारा मीटर. आपले वायरमन जिला ‘पस्तीस स्क्वेअर’ म्हणतात ती तांब्याची केबल इथे वापरली, तर ४०० अँपिअरला वाटेतच २.६ व्होल्ट गळतात. मुळात ओझ्याखाली बॅटरी अकरा व्होल्टांवर आलेली, त्यातले अडीच गेले की मोटरला मिळतात साडेआठ. हरवलेले व्होल्ट हजार वॉटची शेगडी पेटावी तशी केबल तापवत राहतात. ‘सत्तर स्क्वेअर’ घेतली तर ही गळती निम्म्यावर, सव्वा व्होल्टांवर येते. केबल महाग आहे, जड आहे, वळवताना मनगट दुखतं, पण इथे काटकसर करून चालत नाही. परतीची केबलही बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. चॅसीला अर्थ करून काम भागवलं तर गंजलेला एखादा सांधा ओढीच्या ऐन वेळी हात दाखवतो.

आता प्लग. या कामासाठी बहुतेक जण अँडरसन कंपनीचा एसबी जातीचा प्लग वापरतात, १७५ किंवा ३५० अँपिअरचा. विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या जोडायला कारखान्यांत हाच असतो. मुठीएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा, त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या दोन जिभा, प्रत्येकीखाली पोलादी स्प्रिंग. यात नर-मादी असा भेद नाही. दोन्ही अर्धे अगदी सारखे असतात, एक उलटा धरून दुसऱ्यात खुपसला की जिभा एकमेकींवर घासत बसतात आणि घासताना वरचा मळही निघतो. त्यामुळे पुढचा, मागचा, विंचचा आणि जंपर केबलचा, सगळे प्लग एकाच जातीचे ठेवता येतात. रंगही शोभेला नाहीत. प्रत्येक रंगाच्या ठोकळ्याची खाच वेगळी, म्हणून वेगळ्या व्होल्टेजचे प्लग चुकूनही जुळत नाहीत. नावातले १७५ अँपिअर सततच्या कामासाठी आहेत. विंच चारशे घेतो ते थोडा वेळ, मग थांबतो, तेवढ्यावर तो निभावतो.

विंच काढल्यावर गाडीकडचा अर्धा प्लग मात्र जिवंत राहतो. जिभा आत दडलेल्या असल्या तरी चिखल आणि मीठ आत जातंच, म्हणून त्यावर रबरी टोपी आणि बॅटरीजवळ एक मेन स्विच हवा. केबल सायलेन्सरपासून दूर, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालून आणि दर फूटभर अंतरावर बांधून न्यायची. चारशे अँपिअरची केबल घासून चॅसीला टेकली तर तिला रोखायला मध्ये काही लागतं. तरीही कित्येक विंच फ्यूजशिवाय बसवले जातात, हे मला नेहमी खटकतं.

प्लगात दोनच तारा पुरतात याचं कारण मोटरच्या आत आहे. जोरकस विंचांत सीरिज वाउंड मोटर असते. आर्मेचर आणि फील्ड यांची गुंडाळणी एकामागे एक जोडलेली, त्यामुळे ओझं वाढेल तसा करंट वाढतो आणि पिळ त्याहून झपाट्याने वाढतो. या मोटरला धन-ऋण तारा अदलाबदल करून उलटं फिरवता येत नाही. दोन्ही गुंडाळण्या एकदमच उलटतात आणि मोटर पुन्हा त्याच दिशेला फिरते. उलटं फिरवायला फक्त फील्ड उलटावं लागतं, म्हणून विंचवरच्या काळ्या डबीत सॉलेनॉइड असतात आणि तिथून मोटरकडे तीन जाड तारा जातात. ही डबी विंचबरोबरच काढली-घातली जाते, गाडीकडून फक्त धन आणि ऋण येतात.

एवढी वीज पिऊनही दोर मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मीटर सरकतो. गेलेल्या शक्तीतली निम्म्याहून जास्त उष्णतेत जाते. अल्टरनेटर साधारण दीडशे अँपिअर देतो, बाकीचे बॅटरीतून. एका मिनिटात तिच्यातून चार-साडेचार अँपिअर-तास उपसले जातात. म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं ओढायचं, थांबायचं, मोटरवर हात ठेवून पाहायचं, पुन्हा ओढायचं. शिवाय लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. अडीच इंची ड्रमवर आठ मिलिमीटरचा दोर चौथ्या थरावर असेल तर तिचे साठ टक्केच उरतात. दोर जास्तीत जास्त सोडून ओढावं, पण ड्रमवर पोलादी दोराचे निदान पाच वेढे आणि सिंथेटिकचे दहा शिल्लक ठेवावेत.

हा सिंथेटिक दोर ज्या तंतूचा असतो, त्याची कृती नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास शोधली. डायनिमा या नावाने तो ओळखला जातो. पाण्यावर तरंगतो, आणि तुटला तर पोलादासारखा चाबूक होत नाही. सुट्या विंचच्या वजनातले काही किलो त्याच्यामुळे वाचतात. उष्णता मात्र सोसत नाही, १५० अंशांच्या आतच वितळतो. बऱ्याच विंचांचा ब्रेक ड्रमच्या पोटात असतो. उतारावर ओझं सोडताना तो ड्रमला तापवतो, आणि सर्वांत आतला थर नेमका तिथेच टेकलेला असतो.

आपल्याकडे विंच पाहायचे तर गोव्यात. तिथे २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय स्पर्धा होत आली आहे, पण त्या गाड्यांचे विंच कायमचे बसवलेले असतात. रोजच्या वापराच्या गाडीचा प्रश्न निराळा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. पादचाऱ्यांना इजा होते आणि आतल्यांची सुरक्षितताही धोक्यात येते, हे त्यामागचं कारण. नाकावर कायम बसलेल्या विंचलाही हीच हरकत लागू पडते. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सच्या मालकाला पुढची नळी हवी असेल तर ती फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी लागते. तेव्हा आडवा पाइप बंपरच्या पत्र्याला किंवा रेडिएटरच्या आधाराला न जोडता चॅसीच्या दोन्ही लांबड्यांना बोल्टनेच बसवायला सांगावं, आणि पिनचं भोक गॅस कटरने न पाडता ड्रिलने पाडून घ्यावं.