वैमानिकाचा नकार

२०० तासांचे उड्डाण पुरे करून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविलेल्या तरुणापुढे आज, निदान कागदोपत्री, दोन दारे असतात. एक नियमित वाहतूक करणाऱ्या विमान कंपनीचे. दुसरे उद्योगपती, पुढारी आणि चित्रतारका यांची ने-आण करणाऱ्या खासगी जेट विमानांचे. शिक्षणावर अर्ध्या कोटीच्या घरात खर्च झालेला असतो, बहुधा कर्जाऊ. साहजिकच घरात चर्चा चालते ती पगाराची, रजेची आणि स्थैर्याची. ही चर्चा निरर्थक नव्हे, पण ती मूळ मुद्द्याला क्वचितच हात घालते.

दोन्ही नोकऱ्यांचे बाह्य रूप सर्वांना ठाऊक आहे. विमान कंपनीत कामाचे वेळापत्रक आधी हाती येते, विमानाचा प्रकार ठरलेला, मार्ग ओळखीचे, दिवसाला तीन-चार उड्डाणे आणि बढती मुख्यतः ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे. खासगी जेटच्या वैमानिकाचे वेळापत्रक म्हणजे त्याचा दूरध्वनी. आज नागपूर, उद्या माले, परवा एखाद्या आडगावची आखूड धावपट्टी. सामान चढविण्यापासून प्रवाशांच्या जेवणाच्या डब्यांपर्यंत सारे त्यालाच पाहावे लागते आणि उड्डाणापेक्षा वाट पाहण्यातच अधिक तास जातात. तरीही विमान चालविण्याची खरी गोडी येथेच आहे, असे सांगणारे जुने वैमानिक भेटतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

राहिला स्थैर्याचा प्रश्न. त्याविषयी इतकेच सांगणे पुरे की, किंगफिशरची विमाने २०१२ साली, जेट एअरवेजची २०१९ साली आणि गो फर्स्टची २०२३ साली जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत. मात्र एअरबस किंवा बोइंग चालविण्याची पात्रता असलेल्या वैमानिकाला दुसरीकडे गिऱ्हाईक मिळते. एखाद्या दुर्मीळ खासगी जेटची पात्रता घेतलेल्याला ते शोधावे लागते.

परंतु खरा प्रश्न वेगळाच आहे. उड्डाण करावयाचे नाही किंवा ठरलेल्या ठिकाणी उतरावयाचे नाही, असे कॅप्टनने म्हटले तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? कायदा दोघांनाही सारखाच आहे. विमानात कॅप्टनचा शब्द अखेरचा. पण कायदा पुस्तकात असतो आणि प्रवासी पाठीमागच्या खुर्चीत. २००१ सालच्या सप्टेंबरनंतर मोठ्या विमानांच्या कॉकपिटचे दार भक्कम झाले आणि कुलूपबंदही झाले. दारामागच्या पावणेदोनशे प्रवाशांना आपला कॅप्टन कोण याचा पत्ता नसतो. ते चिडले तर कंपनीवर चिडतात. खासगी जेटमध्ये प्रवासी हाच धनी किंवा धन्याचा मोठा गिऱ्हाईक. तो वैमानिकाला नावाने ओळखतो, त्याच्या घरच्या कार्याला आहेर पाठवितो. खाल्ल्या मिठाला जागण्याची आपल्याकडची जी शिकवण आहे, ती या नोकरीत घातक ठरू शकते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डोंगरांनी वेढलेले ॲस्पेन नावाचे हिवाळी विहाराचे गाव आहे. २९ मार्च २००१ रोजी लॉस एंजल्सहून एक भाड्याचे गल्फस्ट्रीम जेट पंधरा प्रवासी घेऊन तेथे निघाले. प्रवाशांना यावयास उशीर झाल्याने विमान ४१ मिनिटे उशिरा सुटले. ॲस्पेनला या विमानास सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत उतरणे भाग होते. वेळ टळल्यास दुसऱ्या गावी उतरावे लागेल, ही शक्यता ज्याने विमान भाड्याने घेतले होते त्याच्या कानी गेली, तेव्हा तो संतापला. विमान ॲस्पेनलाच जाईल, असा निरोप त्याच्या माणसाकरवी कंपनीला गेला. हिमवर्षाव चालू होता. आधी उतरू पाहणारी विमाने धावपट्टी न दिसल्याने परत वर जात होती आणि ते या वैमानिकांना रेडिओवर ऐकू येत होते. कॉकपिटमधील जादा आसनावर एक प्रवासीही येऊन बसलेला होता. धावपट्टी दिसत नसताना विमान ठरलेल्या उंचीच्या खाली गेले आणि सात वाजून गेल्यावर टेकडीवर आदळले. अठराही जण गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष वैमानिकांना दिला. पण गिऱ्हाइकाकडून कॅप्टनवर आलेल्या दडपणाची नोंद अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये स्पष्ट शब्दांत केली.

आपल्याकडे माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेस जाताना मैनपुरीजवळ छोट्या विमानाच्या अपघातात गेले. आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर २ सप्टेंबर २००९ रोजी नल्लमलाच्या रानात पावसाळी हवेत कोसळले. त्या वैमानिकांवर कोणी जबरदस्ती केली, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु सभेला लोक जमले आहेत आणि साहेबांना पोहोचलेच पाहिजे, हे वाक्य कोणी उच्चारावे लागत नाही.

दडपणाइतकीच दुसरी आपत्ती म्हणजे कोणी पाहणारे नसणे. २०१४ सालच्या मे महिन्यात बॉस्टनजवळच्या बेडफर्ड येथे एक खासगी गल्फस्ट्रीम उड्डाण घेऊ शकले नाही, कारण सुकाणूंना जखडून ठेवणारी कळ सोडावयाची राहून गेली होती. सात जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाच्या आधीच्या १७५ उड्डाणांची नोंद तपासली तेव्हा उड्डाणापूर्वीची सुकाणूंची चाचणी पूर्णपणे केली गेली होती अवघी दोनदा. दोघे वैमानिक अनुभवी होते आणि वर्षानुवर्षे एकमेकांसोबत उडत होते. विमान कंपनीत रोज शेजारी नवा सहवैमानिक असतो आणि उड्डाणाच्या नोंदी नंतर कोणीतरी वाचतो. हा जाच वाटतो खरा, पण त्याचा उपयोग हा असा आहे. चांगले खासगी जेटचालक ही शिस्त पाळतात. सगळे पाळतात असे मात्र नाही.

म्हणून विमान कंपन्यांना सोवळे समजण्याचे कारण नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले आणि २१ जणांचा बळी गेला. दुसऱ्या सकाळचे उड्डाण करता यावे म्हणून तेथेच उतरण्याची ओढ कॅप्टनच्या निर्णयामागे होती, असे चौकशीत नमूद झाले. येथे धनी पाठीमागे बसला नव्हता. वेळापत्रकच धनी झाले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची कामे आवरणारे नियम लागू करून घेण्यासाठी वैमानिकांच्या संघटनांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. ते पुरतेपणी अमलात आले तोच, डिसेंबर २०२५ मध्ये, देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि महासंचालनालयाला काही नियमांत तात्पुरती सवलत द्यावी लागली. पण संघटना होती म्हणून हा झगडा निदान उघड्यावर तरी झाला. दोन विमाने आणि पाच वैमानिक असलेल्या खासगी जेट कंपनीत संघटना कोण काढणार?

तेव्हा कोवळ्या वयात, कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना, नकार देण्याची सवय लागेल अशीच जागा धरावी आणि ती आज तरी विमान कंपनीच आहे. हजार-दोन हजार तास गाठीशी बांधून, वरिष्ठ परवाना घेऊन मग ज्याला हौस असेल त्याने खासगी जेटकडे खुशाल वळावे. तिथल्या मुलाखतीत पगाराचा आकडा विचारण्याआधी, गेल्या वर्षभरात हवामानामुळे किती उड्डाणे रद्द केली, ती कोणी केली आणि तो कॅप्टन अजून नोकरीत आहे काय, एवढे विचारून घ्यावे.