वाऱ्यात कोणता चेंडू घ्यावा?

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाताना वाटेत सिल्लोड लागते. रस्त्याच्या कडेला कपाशी, मका, मिरची यांची शेते दिसतात. गोल्फचे मैदान काही दिसत नाही. तरीही तेथला एखादा विद्यार्थी मोबाइलवर दूरदेशीच्या मुलाशी गोल्फचा सामना खेळत असेल. २०१७ साली आलेला ‘गोल्फ क्लॅश’ हा असाच एक खेळ. त्यात चेंडू निवडावा लागतो. कोणता लांब जातो, कोणता वाऱ्याला फारशी दाद देत नाही, कोणता बाजूला वळतो. चांगले चेंडू वापरले की संपतात, आणि मग खरे पैसे मोजण्याचा मोह होतो. तेव्हा आधीच विचारू या : वाऱ्याला दाद न देणारा चेंडू खरोखर असतो का?

टेबल टेनिसचे दोन सारखे चेंडू घ्या. एकाला कर्कटकाच्या टोकाने भोक पाडून आत कोरडी बारीक वाळू भरा आणि चिकटपट्टी लावा. (तापलेली सुई वापरू नका, सेल्युलॉइडचे चेंडू भुरकन पेटतात.) आता टेबलावरचा पंखा सुरू करून त्याच्या झोतासमोर दोन्ही चेंडू एकाच उंचीवरून सोडा आणि ते जेथे पडतील तेथे खडूने खूण करा. आकार तोच, पृष्ठभाग तोच, वाराही तोच. पण रिकामा चेंडू दूर भरकटतो आणि भरलेला जवळजवळ सरळ खाली येतो.

कारण सोपे आहे. वारा चेंडूला किती जोराने ढकलणार हे त्याच्या समोर आलेल्या क्षेत्रफळावर ठरते, आणि त्या ढकलण्याने चेंडू किती हलणार हे वस्तुमानावर. म्हणून क्षेत्रफळाला वस्तुमानाने भागून पाहावे. टेबल टेनिसच्या चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वस्तुमान २.७ ग्रॅम, दर ग्रॅममागे सुमारे ४.६५ चौरस सेंटिमीटर. गोल्फच्या चेंडूला हाच आकडा जेमतेम ०.३१ येतो, म्हणजे पंधरा पटींनी कमी. तुम्ही मैदानात ज्या टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळता, त्याचा आकडा ०.६ च्या आसपास आहे. उन्हाळ्यातल्या वाऱ्यात उंच उडालेला झेल का चुकतो, ते आता कळले असेल!

गोल्फमध्ये या गणिताने एकदा मोठा घोळ घातला होता. अमेरिकेत चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर लागे, तर ब्रिटनमध्ये ४१.१५ मिलिमीटरचा लहान चेंडूही चाले. वस्तुमानाची मर्यादा दोन्हीकडे एकच, ४५.९३ ग्रॅम. फरक दीड मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळ सात टक्क्यांनी कमी! वाऱ्याविरुद्ध मारताना खेळाडूंना लहान चेंडूच आवडे. ब्रिटनच्या ओपन स्पर्धेत १९७४ पासून मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान चेंडू नियमांतूनच गेला. आजचा नियम नीट वाचा : चेंडू ठरावीक वजनापेक्षा जड नको आणि ठरावीक व्यासापेक्षा लहान नको. ज्या बाजूने फायदा, त्याच बाजूला कुंपण.

येथे मोबाइलवरच्या खेळाची एक गंमत लक्षात येते. त्यात ‘ताकद’ आणि ‘वाऱ्याला विरोध’ हे दोन वेगळे गुण आहेत. निसर्गात तसे नसते. तेवढ्याच वजनाचा लहान चेंडू कडेच्या वाऱ्याने कमी सरकतो आणि समोरच्या हवेने कमी अडतो, म्हणून लांबही जातो. दोन्हींचे मूळ एकच. खेळ रचणाऱ्यांनी ते मुद्दाम तोडले, नाही तर निवडायला उरले काय?

पण एक गोष्ट खेळात आणि मैदानात सारखीच आहे. चेंडू जितका जास्त वेळ हवेत, तितका वारा त्याला जास्त सरकवतो, आणि तेही वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. ढोबळ मानाने, सहा सेकंद उडणारा चेंडू तीन सेकंद उडणाऱ्याच्या चौपट भरकटतो. तेव्हा वाऱ्यासाठीचा महागडा चेंडू लांबच्या, उंच फटक्यांच्या डावासाठी राखावा. निशाण हाकेच्या अंतरावर असेल, तर फुकट मिळणारा साधा चेंडूच पुरे.